अध्यक्षांच्या गोठ्यातलं दूध

सलग तीन दिवस आमच्या डेअरीत दही लागलं नाही. विरजण घातलेलं दूध आठ-आठ तास उबेत ठेवूनही पाण्यासारखं हिंदकळायचं, आणि मॅनेजरसाहेब माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच त्याला फितवलंय. तिथली प्रयोगशाळा माझ्या ताब्यात. म्हणजे एक सिंक, एक फ्रीज आणि माझा वीस वर्षांचा अनुभव, ज्याला कुणी विचारत नव्हतं.

चौथ्या दिवशी साहेबांनी तज्ज्ञ बोलावले. तज्ज्ञांनी उबेच्या खोलीत चक्कर मारली, भिंतीला हात लावला, डोळे मिटले आणि निदान केलं, "विरजण थकलंय." महागडं नवं विरजण आलं. तेही थकलं.

त्या गडबडीत मी प्रत्येक गोठ्याच्या दुधाची वेगळी बाटली भरली आणि सगळ्यांत आमचं जुनंच विरजण घातलं. संध्याकाळी अकरा बाटल्यांत दही घट्ट. बारावी पातळ. ती आमच्या अध्यक्षांच्या गोठ्याची.

गोठा त्यांचा जावई बघायचा. मी त्याला फोन लावला.

"गाईंना काही टोचलंय का?"

"दोघींची कास सुजली होती, इंजेक्शनं चालू आहेत. आता ठणठणीत आहेत हं!"

"आणि दूध?"

"पाठवतोय की. फेकायचं का?"

जंतू मारायचं औषध कासेतले जंतू मारतं आणि दुधात उतरून दह्याचेही मारतं. अध्यक्षांचा गोठा कोणता, हे त्याला कळत नाही. म्हणून तर ते अंगातून पुरतं जाईपर्यंत दूध विकायचं नसतं. औषधाच्या खोक्यावर तसं छापलेलंही असतं. पण जावईबापूंना वाचनाचं वावडं.

मी बारावी बाटली साहेबांच्या टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

"मग सोपंय! त्यांचं दूध दह्याला घ्यायचं नाही. पिशव्यांत भरू. पिशवीतल्या दुधाला कुठं लागायचं असतं?"

"साहेब, ते लहान मुलं पितात."

"उकळून पितात ना?"

"उकळून हे औषध जात नाही."

"बाई, तुम्ही फार शिकलात," ते म्हणाले. हा माझ्यावरचा आरोप होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांचं दूध वेगळ्या टाकीत उतरलं. मी गेले आणि टाकीखालची तोटी पूर्ण उघडली. दूध फरशीवरून गटाराकडे धावलं. साहेब "बंद करा! बंद करा!" ओरडत आले खरे, पण बूट भिजतील म्हणून दारातच थांबले. टाकी रिकामी होईपर्यंत तिथूनच ओरडत राहिले.

त्या दिवशी दही लागलं. तज्ज्ञांचा सत्कार झाला. गाईंचं औषध उतरेपर्यंत जावयानं दूध पाठवलं नाही. ही बाई पुन्हा तोटी उघडेल, एवढं त्याच्याही डोक्यात शिरलं होतं.

मला नोटीस मिळाली, 'संस्थेच्या मालाचे हेतुपुरस्सर नुकसान' केल्याची. तीत शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. मी त्या लाल पेनानं दुरुस्त केल्या, खाली सही ठोकली आणि कागद साहेबांकडे परत पाठवला.