जुना चौथा

हिलरी पर्सलो चहाचे कप घेऊन बाहेरच्या खोलीत आली तेव्हा डेस्मंडची खुर्ची रिकामी होती आणि मागचं दार सताड उघडं होतं. नोव्हेंबरचं धुकं आपल्याच घरात आल्यासारखं आत शिरत होतं. तिने न्हाणीघर पाहिलं, मग गॅरेज पाहिलं. त्याचे खिळ्यांचे बूट जागेवर नव्हते आणि गोल्फच्या बॅगेतली एक काठी कमी होती. नवरा नुसता भटकायला गेला असता तर एवढी भीती नव्हती, पण हा खेळायला गेला होता.

गेली दोन वर्षं डेस्मंडचं डोकं मागे मागे चाललं होतं. सकाळी काय खाल्लं ते विचारलं तर तो चिडायचा, पण लग्नाआधीच्या एखाद्या सामन्यात कुणाचा चेंडू कुठल्या झाडाला लागला ते घडाघडा सांगायचा. त्यात त्यांचं घर एल्मस्टोन पार्कच्या गोल्फ मैदानाला लागून. कुंपणाचं फाटक उघडलं की दुसरं पाऊल थेट मैदानावर पडायचं. घर घेताना याचंच दोघांना केवढं कौतुक होतं.

वरून पाहावं तर हे मैदान म्हणजे गरीब गाय. कधीकाळी कुणा उमरावाची हरणं इथं चरायची. पुढे ज्याने मैदान आखलं त्याने ओक आणि बीचची म्हातारी झाडं होती तिथंच ठेवली आणि खेळाची वाट त्यांच्यामधून वळवत नेली. मऊ गवत, ऐसपैस सावल्या, आणि नेमक्या वळणावर असं एखादं झाड की चेंडू जरा वाकडा गेला की संपलंच. वाळूचे खड्डे मात्र सगळे समोर, तोंड वासून बसलेले. बरेचसे तर ग्रीनच्या, म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवतीच्या गुळगुळीत गवताच्या, कितीतरी अलीकडे, नुसते भीती घालायला. डेस्मंड नव्या सभासदांना समजावून सांगायचा की चांगल्या मैदानाने लांबून घाबरवावं आणि जवळ गेल्यावर माया करावी.

आणि याच शहाण्याने, समितीचा अध्यक्ष झाल्यावर, चौथ्या होलची, म्हणजे खेळातल्या चौथ्या टप्प्याची, वाट लावली. जुना चौथा तिसऱ्याच्या डावीकडून सुरू व्हायचा आणि सरळ उतारावरून खालच्या सखल जागेतल्या ग्रीनवर जायचा. डेस्मंडने ते ग्रीन बुजवून तिथं तळं खोदलं. उन्हाळ्यात गवताला पाणी पाहिजे म्हणून खोल, आणि शोभेसाठी काठ उभे कापलेले. नवा चौथा उजवीकडून, तळ्याला वळसा घालून नेला. उताराच्या मध्ये जमिनीला फुगवटा होता, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला तळं दिसायचंच नाही, नुसती हिरवळ दिसायची. पाहुण्यांचे चेंडू त्यात बुडाले की सभासद पोट धरून हसायचे. त्याला नाव पडलं पर्सलोचं डबकं, आणि डेस्मंड ते नाव मिरवायचा.

हिलरीने मैदानाची देखभाल करणाऱ्या क्लाइव्हला फोन लावला. तो म्हणाला, मी आधी तळ्यावर जातो. हिलरीला ते पटलं नाही.

"तळं त्याच्या वाटेवर नाही, क्लाइव्ह. त्यानेच खोदलंय ते, त्याला ठाऊक आहे. तो पहिल्यापासून क्रमाने जाईल, त्याची खोडच आहे ती. तुम्ही सातव्याला जा. तिथं रेल्वेच्या कुंपणाला भगदाड पडलंय."

"बरं, मिसेस पर्सलो. तुम्ही मात्र घरीच थांबा."

"मी पहिल्यापासून मागोमाग येते. आणि हे बघा, हाका मारू नका. हाक मारली की तो पळतो."

मागच्या महिन्यात बाजारात तिने हाक मारली होती, तर हा गडी वळूनही न पाहता थेट रस्त्यावर धावत सुटला होता. एक व्हॅन त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

धुक्यात मैदान ओळखू येत नव्हतं. ज्या झाडांखाली तिने आयुष्य काढलं ती झाडं एकेक करून अंगावर येत होती आणि मागे जाऊन नाहीशी होत होती. दिवस कलला होता. गुडघा ठणकत होता. पण दवाने भिजलेल्या गवतात बुटांची काळपट वाट स्पष्ट उमटली होती, पहिल्या होलवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, अगदी शहाण्यासारखी. तिला जरा धीर आला. म्हातारा क्रमाने चालला होता, म्हणजे तो सापडणार होता.

तिसऱ्या ग्रीनपाशी ती वाट उजवीकडे वळायला हवी होती. ती डावीकडे वळली होती. यू जातीच्या दोन दाट झाडांच्या फटीतून ती आत शिरली होती. तिथं आता कुणी जात नसे, गवतसुद्धा कापत नसत.

हिलरी थिजून उभी राहिली. तिला कळलं की डेस्मंड आजच्या मैदानावर नव्हताच. तो त्याच्या जुन्या मैदानावर खेळत होता. तळं खोदणारा डेस्मंड अजून जन्माला यायचा होता, आणि खाली पाण्याच्या जागी त्याला ग्रीन दिसत होतं. आणि क्लाइव्हला तळ्यापासून लांब धाडलं होतं ते तिनेच. तिने त्याला फोन केला. तो रेल्वेच्या बाजूला, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. गाडी घेऊन निघतो म्हणाला.

तेवढ्यात धुक्यातून टक् असा आवाज आला. काठी चेंडूला नीट बसल्याचा आवाज, हा फटका डेस्मंडचाच. मग काही वेळ काहीच नाही. मग खाली कुठंतरी डुबुक् झालं.

तो चेंडू होता असं तिने स्वतःला बजावलं. चेंडूच असणार. ती यूच्या फांद्या बाजूला सारत उतारावरून निघाली, धावता येत नव्हतं तरी धावत. हाक तिच्या तोंडापर्यंत आली होती. ती दातांखाली दाबून हिलरी उतरत राहिली. आयुष्यात एवढी भीती तिला कधी वाटली नव्हती, बाळंतपणात नाही आणि मरणाऱ्या आईच्या उशाशीही नाही.

फुगवटा ओलांडला आणि तो दिसला. तळ्याच्या अगदी कडेला, चिखलात, तिच्याकडे पाठ करून उभा. पाणी घोट्याला लागलं होतं. एक पाऊल तो पुढे चाचपत होता. त्या पुढच्या पावलाखाली काठ तुटलेला होता, हे तिला माहीत होतं. हात पोचेल एवढी जवळ ती नव्हती, आणि ओरडली तर तो पळणार, पुढेच पळणार.

त्या क्षणी तिला जोडीचा खेळ आठवला. दोघांत एकच चेंडू, एक फटका त्याचा, एक तिचा. याच खेळात त्यांची ओळख झाली होती, याच मैदानावर. डेस्मंड त्यात फार कडक. जोडीदाराचा फटका असला की तो जागचा हलायचा नाही, खोकलासुद्धा दाबून धरायचा. आपला फटका चुकला तरी जोडीदाराची माफी मागायची नाही अशीही त्या खेळात एक रीत आहे, आणि ती तर त्याने संसारातही इमानाने पाळली होती.

तिने श्वास सावरला आणि रोजच्या आवाजात म्हटलं, "डेस्मंड, हा फटका माझा आहे."

त्याचं उचललेलं पाऊल मागे आलं. "मग खेळ की. मी कुठं अडवलंय? चेंडू ग्रीनवर पडलाय, मी पाहिला."

"काठी तुझ्याकडे आहे."

"तुझी कुठं गेली?"

"विसरले घरी."

"फार विसरतेस हल्ली," तो म्हणाला आणि न वळताच काठी मागे धरली.

हिलरी बसत, सरकत खाली आली आणि दोन्ही हातांनी काठीचं टोक पकडलं. ओढायची हिंमत झाली नाही. चिखल निसरडा होता, तो अंगाने तिच्या दुप्पट होता. ओढताना तोल गेला असता तर दोघंही आत गेले असते.

"डेस्मंड, माझ्या रेषेत उभा आहेस तू."

दुसऱ्याच्या चेंडूच्या वाटेत पाय ठेवणं याहून मोठं पाप डेस्मंडच्या लेखी नव्हतं. तो चपापला. झटकन दोन पावलं मागे, वर, कोरड्या गवतावर आला. त्याचा चेहरा शरमेने लाल झाला होता.

"माफ कर," तो म्हणाला.

एवढ्या संसारात हा शब्द तिने त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. तिने त्याचा कोट मुठीत धरला आणि तिला रडू फुटलं. त्याचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. तो आपल्या ओल्या बुटांकडे बघत होता.

"इथं पाणी कसं काय?"

"तळं खोदलंय."

"कुठल्या गाढवाने?"

काठावर एक बाक होता आणि बाकावर पितळी पाटी होती. पाटीवर त्याचं पूर्ण नाव होतं. हिलरीने त्याला अलगद दुसरीकडे वळवलं.

"होता एक कमिटीत," ती म्हणाली.

"लाज नाही वाटली त्याला? लांबून दिसतसुद्धा नाही गं. बुडून मरेल कुणीतरी."

"हो," हिलरी म्हणाली.

तिने त्याला उतारावरून वर चालवलं, काठीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं तिच्या. फुगवटा ओलांडला तसा तो थांबून मागे वळला. तळं दिसत नव्हतं. धुकं नसतं तरी दिसलं नसतं, तशीच त्याची आखणी होती. खाली नुसती हिरवळ होती. डेस्मंडचा चेहरा खुलला.

"ग्रीन मोकळं झालं बघ. चल, खेळून टाकू," तो म्हणाला आणि उतारावर निघाला. काठीला हिसका बसला. त्याच्या हातात अजून ताकद होती, तिच्यात उरली नव्हती.

"थांब," ती म्हणाली. "माझा फटका अजून व्हायचाय."

तो थांबला. काठी तिच्या स्वाधीन करून, हात मागे बांधून, मान खाली घालून उभा राहिला, खोकला दाबून, थेट लग्नाआधी राहायचा तसा. हिलरीने गवतात काठी टेकवली. तिथं चेंडू नव्हता. ती धुक्याकडे कान लावून तशीच वाकून उभी राहिली, आणि क्लाइव्हच्या गाडीचा आवाज जवळ येईपर्यंत तिने तो फटका मारला नाही.