बॉनेटवरचे अण्णाजी

निकाल लागून एक रात्र उलटते न उलटते, तोच कैलास सकाळी सकाळी आपल्या भाड्याने चालवायच्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवरून अण्णाजींना खरवडायला बसला. हात जोडलेले, हसरे अण्णाजी, खाली निशाणी कपबशी. हिंगणीजवळचं आमचं गाव एवढंसं, त्यात निवडणुकीत पडलेला माणूस कैलासच्या समोरच्याच घरात राहत होता.

बरं, अण्णाजींना उभं राहायचंच नव्हतं. आपली भाजीची वाडी आणि आपण, असा माणूस. त्यांना गळ घातली ती याच पठ्ठ्याने. काकाजी, तुम्ही फक्त हो म्हणा, गाव तुमच्या मागे आहे, असं म्हणून म्हणून त्याने त्यांना घोड्यावर बसवलं. पहिलं स्टिकरही आपल्याच गाडीवर, आपल्याच हातांनी लावलं. गाव काही मागे आलं नाही. दौलतराव सरपंच झाले आणि रात्री त्यांच्या माणसाचा फोन आला, मिरवणुकीत तुझी गाडी पुढे हवी, पण साफ करून आण. नाही म्हणायला कैलासची जीभ रेटेना.

अण्णाजींच्या नजरेस पडायच्या आत काम उरकावं, एवढीच त्याची धडपड होती. पण प्रचाराचं ऊन आणि इंजिनची धग खाऊन ते स्टिकर पार घट्ट बसलं होतं. त्याने चाकूचं टोक खुपसलं, तर कपबशीशेजारी रंगावर चरा उठला.

"चाकू काऊन लावून राह्यला बे? रंग निघते ना."

अण्णाजी मागेच उभे होते, हातात वांग्यांची टोपली. कैलासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी धुतोय, असं काहीतरी तो पुटपुटला. अण्णाजींनी ते ऐकलंच नाही. घराकडे तोंड करून त्यांनी बायकोला गरम पाणी आणि तेल आणायला सांगितलं.

रुख्माबाई नव्या ताटांवरची लेबलं अशीच काढायच्या. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्यावर गरम पाणी ओतलं, कडेने तेल चोळलं आणि नखाने एक कोपरा सोडवला. दुसरा कोपरा अण्णाजींनी धरला. वाळत घातलेला पापड उचलावा तसं दोघांनी मिळून ते सावकाश उचललं. कैलास चाकू पाठीमागे धरून उभा होता.

"काकाजी, मले..."

"मिरवणुकीत जाऊन राह्यला ना? जा. तुह्या धंद्याचं आहे. माह्यापायी गावाशी वाकडं नको घेऊ."

ते रागावले असते, तर कैलासला बरं वाटलं असतं. साबणाने धू, तेलावर धूळ बसते, एवढंच रुख्माबाई म्हणाल्या. त्याने मान डोलावली. पण त्या दोघांसमोर आणखी थांबणं त्याला झेपेना. फडकं फिरवल्यासारखं केलं आणि गाडी काढली.

मिरवणुकीत गुलाल मुठीमुठीने उधळला जात होता. बाकीच्या बॉनेटवरून तो उडून जायचा, तेलावर मात्र चिकटून राहायचा. चौक येईपर्यंत मधोमध एक लालभडक चौकोन उमटला, बरोबर अण्णाजींच्या मापाचा. लोकांच्या लक्षात आलं, ते बोट दाखवून हसू लागले. कैलासने वायपरचं पाणी काचेवर मारून पाहिलं. ते तिथवर पोचेना.

नाचणारे नेमके अण्णाजींच्या घरासमोर थांबले. अण्णाजींनी दारातून दौलतरावांना हात जोडले. रुख्माबाई मात्र ओट्यावरून उतरून गाडीजवळ आल्या. त्यांनी बॉनेटकडे पाहिलं, मग कैलासकडे.

"धुतलं नाई काय रे?"

एरवी चहा घेतला का विचारावं, तशाच आवाजात त्यांनी विचारलं. आणि पदराचं टोक हाती घेऊन त्या तो गुलाल पुसू लागल्या.

खाली उतरायचं आणि त्यांचा हात धरायचा, एवढंच करायचं होतं. शेजारच्या सीटवर दौलतराव बसले होते, सगळं गाव पाहत होतं. कैलासच्याने ते झालं नाही. काचेतून त्याला रुख्माबाईंचा लाल होत चाललेला पदर दिसत होता. बँड पुढे सरकला, त्या बाजूला झाल्या, आणि त्याने गिअर टाकला.