जड ट्रिगर

बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी रायफल शिकंज्यात आडवी पकडली, ट्रिगरला तारेचा आकडा अडकवला आणि त्यावर एकेक वजन लटकवायला सुरुवात केली. नव्वद ग्रॅमला टक्क झालं. त्यांनी वजनं काढली, पुन्हा लटकवली. पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा नव्वद.

"बाई, मी बसवला तेव्हा होता तसाच आहे हा. अकरा वर्षांत केसाचा फरक नाही."

समोरच्या स्टुलावरची बाई कवळ्या बनवायची. शहरातले चार दंतवैद्य तिच्याकडून दात करून घेत आणि रविवारी ती नेमबाजीच्या मैदानावर असे. रायफल तिची स्वतःची होती. ट्रिगर मिस्त्रींच्या हातचा होता, आणि तो त्यांचा सगळ्यात चांगला ट्रिगर आहे असं ते गिऱ्हाइकांना अजून सांगत.

"कोच म्हणतात, झिजलाय. गोळी आधीच सुटते."

"आधी म्हणजे कधी?"

"मी मारायच्या आधी."

गेल्या रविवारी तसं दोनदा झालं होतं. दुसरी गोळी शेजारच्या माणसाच्या निशाणावर गेली. कोच ओरडले नाहीत. त्यांनी फक्त रायफल तिच्या पेटीत ठेवली आणि ट्रिगर दुरुस्त होईपर्यंत नेमबाजांच्या ओळीत पोटावर झोपायचं नाही, असं सांगितलं. निवड चाचणीला पाच आठवडे होते.

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला. "डोळे मिटा. रायफल रिकामी आहे. बोट हळूच ट्रिगरवर आणा आणि टेकलं की सांगा."

तिने डोळे मिटले. 'टेकलं' म्हणायला तोंड उघडलं तोवर टक्क झालं.

"परत."

परत तेच झालं. तिसऱ्यांदाही.

मग मिस्त्रींनी तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. त्यांचे तळवे तेलकट आणि गरम होते. एवढं तिला कळलं.

"आता कळतंय काही?"

"तळव्याला तुमचा हात."

"बोटाला?"

तिने डोळे उघडले. मिस्त्रींच्या हातात बारीक दाभण होतं आणि तिच्या तर्जनीच्या टोकावर लाल ठिपका उमटला होता. त्यांनी घाईने दाभण खाली ठेवलं.

"औषधांनी असं झालंय," ती म्हणाली. "आजार गेला, पण जाताना बोटांची टोकं घेऊन गेला. दीड वर्ष झालं."

"आणि दात? ते कसे करता?"

"कड गुळगुळीत झाली का, ते मनगटाच्या आतल्या बाजूने बघते. अजून कुणाची तक्रार नाही."

मिस्त्रींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. मग शिकंजा सैल करत म्हणाले, "घेऊन जा ही घरी. ट्रिगरला काही झालेलं नाही. उगाच पैसे कशाला घालवता?"

"जड करून मिळेल?"

"काय?"

"ट्रिगर. मला लागेल इतका जड."

मिस्त्री हसले नाहीत, पण चेहरा हसण्याच्या बेतात होता. "तीस वर्षं झाली इथं बसून. या दारातून जो आला तो हलका करा म्हणत आला. एकाला तर इतका हलका हवा होता की मी म्हटलं, बाबा रे, तू रागाने बघितलंस तरी सुटेल. जड करा म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

"पण होईल ना?"

"होईल. ट्रिगर जिच्यात अडकतो ती खाच नव्याने कापावी लागेल, स्प्रिंग बदलावी लागेल. नवीन करण्यापेक्षा जास्त काम. आणि जड ट्रिगर ओढताना रायफल हलते, हे तुम्हाला मी सांगायला नको. दहाच्या जागी नऊ येतील. आठही येतील."

"येऊ देत. माझे असतील."

त्यांनी खर्चाचा आकडा सांगितला. कवळ्यांना चकाकी आणायचं नवं यंत्र घ्यायला तिने जेवढे साठवले होते, जवळपास तेवढाच. "विचार करा," मिस्त्री म्हणाले. "माझंच काम मला मोडायला सांगताय. मीही जरा विचार करतो."

घरी नवरा गॅलरीत कपड्यांना इस्त्री करत होता. त्याची डेपोतली पाळी दुपारची असे, त्यामुळे सकाळची कामं त्याच्याकडे होती. तिने रायफलची पेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं, बाहेर येऊन कठड्याला टेकली आणि बोटांचं, ट्रिगरचं सगळं सांगून टाकलं. एका दमात.

त्याने शर्टाची कॉलर उलटली. "बोटांचं मला माहीत आहे."

"कसं?"

"मागच्या पावसाळ्यात तुझं बोट इस्त्रीला लागलं होतं. वास आला तेव्हा तू हात काढलास."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलत नव्हतीस."

ती जिन्याकडे बघत राहिली. एवढे दिवस ती त्याच्यासमोर भाजी चिरताना मुद्दाम गप्पा मारायची, त्याने बोटांकडे बघू नये म्हणून. आणि तो ऐकत बसायचा.

"डॉक्टर म्हणालेत ना, बोटांतलं कळणं येईल परत?" त्याने विचारलं.

"येईल म्हणाले. नाही आलं तर नाही, असंही म्हणाले."

"मग वर्षभर थांब. यंत्र घे. पोट त्याच्यावर आहे. आलं परत तर ट्रिगर आहे तसाच चालेल."

बोलणं रास्त होतं आणि ते तिलाही पटत होतं. तिने शर्टाची बाही सरळ करून त्याच्यासमोर धरली. "दीड वर्ष मी तेच केलं. रोज सकाळी उठून आधी बोटं चोळून बघते, आली का म्हणून. नाही आली की दिवस तिथेच निम्मा जातो. आता कंटाळा आला त्याचा."

"आणि यंत्र?"

"जुन्या पायाच्या यंत्रावर वर्षभर निघेल. पाय दुखतील, बाकी काही नाही."

त्याने इस्त्री उभी ठेवली, बटण बंद केलं. "मग आजच देऊन ये. उद्यावर टाकलंस तर मी तुला पुन्हा समजवायला लागेन."

मिस्त्रींनी अठरा दिवस घेतले. ती गेली तेव्हा पैसे त्यांनी न मोजता खणात टाकले आणि कागदाची एक छोटी पुडी पुढे केली.

"जुनी स्प्रिंग आणि खाचेचा जुना तुकडा. खाच नव्या तुकड्यात कापली, जुना मोडवला नाही माझ्याच्याने. बोटं ताळ्यावर आली की या. अर्ध्या तासाचं काम."

तिने पुडी उघडली. आतला तुकडा नखाएवढा होता, आरशासारखा घासलेला.

"दुसऱ्या कुणाच्या रायफलला चालेल?"

"याच बनावटीच्या कुठल्याही. पण..."

"मग तुमच्याकडेच ठेवा. कुणाला लागला तर द्या."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. मग पुडी पुन्हा घडी करून खणात टाकली, आणि ती पेटी उचलत असताना तिच्यासाठी दार उघडून धरलं.

रविवारी कोचनी वजनं लटकवून ट्रिगर स्वतः तपासला. "पाचशे ग्रॅम? हे काय करून आणलंस?"

तिने सांगितलं. कोचनी वजनं पेटीत टाकली. बाजूला सरकून त्यांनी तिला ओळीत जागा दिली, पण तिच्या मागेच उभे राहिले.

ती पोटावर झोपली, पट्टा दंडाला आवळला, एक गोळी भरली. बोट ट्रिगरवर आणलं. टोकाला काही कळलं नाही. तिने मागे ओढलं. सुरुवातीची ढील संपली आणि मग ट्रिगर अडला. तो अडणं बोटात नव्हतं, वर मनगटात होतं, तिथून कोपरापर्यंत गेलं. भिंतीला हात लागावा तसं. तिथे ती थांबली.

वाऱ्याने निशाण किंचित हललं. नेम डळमळला.

"मार की," मागून कोच हळूच म्हणाले. "वेळ जातोय."

"थांबा."

तिने बोट सरळ केलं, ट्रिगरवरून बाजूला घेतलं आणि मान खाली टेकवून एक पूर्ण श्वास घेतला. गोळी अजून नळीतच होती.