माझ्या नावाचे बटण

मित्रांनो, वरातीत सगळ्यांच्या पुढे मिरवणारी आणि आतून मुकी असलेली क्लॅरोनेट तुम्ही कधी पाहिली आहे का? नसेल तर मला पाहा. मी हिलाल मास्तरांची जुनी क्लॅरोनेट.

माझा जन्म मेरठचा. काळ्या शिसवी लाकडाची नळी, अंगावर चकचकीत चाव्या आणि तोंडाशी एक पातळ पत्ती. पत्ती ओली करून फुंकली की ती थरथरते आणि मी बोलू लागते. तोंड आणि नळी यांच्यामध्ये माझा एक आखूड जोड असतो. माझे सगळे दुखणे त्या जोडापाशीच आहे.

१९७९ साली मी शिरपूरच्या कानबाई ब्रास बँडमध्ये आले. मोठ्या ढोलाच्या कातड्यावर बँडचे नाव लाल अक्षरांत रंगवलेले होते. मालक बन्सीलाल भाऊ लग्नाची सुपारी घेताना आधी माझेच नाव सांगत. नवरीच्या मामाला गावाच्या शिवेवरून वाजत आणायचे असले की बाकीचे बाजे थांबत आणि मी एकटी पुढे होई. मामा म्हणवणारे रांगडे गडी फेट्याच्या शेवाने डोळे पुसत. कोणी हिलाल मास्तरांना आपल्या ताटाशेजारी जेवायला बसवून घेई.

घरी गेल्यावर मास्तरांच्या बायको, पुष्पाबाई, मला मऊ फडक्याने आतून कोरडी करत. आत फुंकेचा ओलावा राहिला तर लाकूड तडकते, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते, त्यांनी पाहून पाहून ओळखले होते. त्यांची लहान मुलगी माझ्या चाव्या ओढायला यायची. त्या तिला एका हाताने आवरायच्या आणि दुसऱ्या हाताने मला पुसायच्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे, लेकराचा ताप नाही आणि माझ्या पत्तीची चीरही नाही.

मग १९९१ उजाडले. लोकांना डिस्को हवे होते. बन्सीलाल भाऊंनी जपानी कीबोर्ड आणला, चारचाकी गाडीवर दोन भोंगे बसवले आणि आपल्या मेहुण्याला, जीवरामला, तो वाजवायला ठेवले. ढोलावरचे कानबाईचे नाव पेंटरने खरवडले आणि निळ्या रंगात लिहिले, ‘न्यू सुपरस्टार मेलडी बीट्स’. दोघा ट्रंपेटवाल्यांना घरी पाठवले. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी थट्टा केली, की ही लाइटची पेटी, लाइट गेली तर नवरदेवाला घोड्यावरच मुक्काम करावा लागेल. हसले सगळे. मास्तर हसले नाहीत. घरी जाण्याचा पुढचा नंबर आपला, हे त्यांना कळत होते.

पहिल्या तालमीला मी आणि कीबोर्ड एकत्र वाजलो आणि सगळ्यांनी तोंडे वाकडी केली. दोघांचे सूर जुळेनात. मी केसभर खाली पडत होते. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. धाकट्या मुलीला कडेवर घेऊन पुष्पाबाई दारात उभ्या होत्या. त्या सहसा पुरुषांत बोलत नसत, पण त्या दिवशी बोलल्या.

“काल मारोतीना देऊळमा भजननी पेटीसंगे बरोबर जुळनं व्हतं. मंग आज कसं बिघडी गयं? तुमनी पेटीच चुकत व्हई त?”

“वहिनी, ती जपानी पेटी शे,” बन्सीलाल भाऊ म्हणाले. “ती चुकस का कधी?”

 बायकोचे खरे असेल असे मास्तरांना वाटले असावे, पण त्यांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी ते मला तोताराम सुताराकडे घेऊन गेले. नळी आखूड झाली की सूर चढतो, म्हणून माझा जोड अर्धे पेर कापायचा ठरला. तोतारामने करवत चालवली आणि मला घट्ट धरून ठेवले ते मास्तरांनी. मित्रांनो, ते हात परके नव्हते.

तो हंगाम निभावला. पावसाळ्यात कीबोर्ड दुरुस्तीला जळगावला गेला. तिथल्या कारागिराने त्याच्या पाठीमागची एक बारीक खुंटी दाखवली. तिच्याने अख्ख्या पेटीचा सूर वर-खाली होतो. ती कधीची फिरलेली होती, बहुधा खोक्यातून काढतानाच. त्याने ती जागेवर आणून ठेवली. जीवरामने परत आल्यावर चहा पिता पिता ही गंमत म्हणून सांगितली.

म्हणजे मी बरोबर होते. आता मात्र मी खरीच चुकीची झाले होते. जोड ओढून लांब केला तर तो डुगडुगतो आणि फुंक फटीतून निसटते. मास्तरांनी मेरठला पत्र लिहिले. तसल्या मापाचा जोड आता होत नाही, असे उत्तर आले.

उपाय जीवरामनेच काढला. कीबोर्डवर नावांची बटणे असतात. त्यातल्या एका बटणावर माझे नाव आहे. ते दाबले की माझ्यासारखा आवाज निघतो. त्याने मास्तरांना समजावले, की तुम्ही नुसते पुढे उभे राहा, बोटे हलवा, गिऱ्हाइकाला मास्तर दिसला म्हणजे झाले. चुकून चिरकायला नको म्हणून माझी पत्ती काढून घेतली. मास्तर हो म्हणाले.

भडगावला पुष्पाबाईंच्या भाचीचे लग्न होते. वरात निघाली. मास्तर मला तोंडाला लावून पुढे, मागे गाडीवर जीवराम. लोक म्हणत होते, मास्तरांच्या फुंकेत अजून काय गोडवा आहे. एकाने हारही घातला. बायकांच्या घोळक्यातून पुष्पाबाई नुसत्या बघत होत्या. पंगत उठल्यावर त्या नवऱ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या,

“आज तुमना गाल फुगनात नही. मंग वाजत काय व्हतं?”

मास्तरांनी मला पेटीत ठेवले आणि कडी लावली. तेव्हापासून पुष्पाबाई मला पुसत नाहीत. आत पुसण्यासारखे ओले काही उरलेलेच नसते.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे वाद्य असेल तर वाजवून झाल्यावर त्याला कोरडे करा, उन्हात टाकू नका, आणि सूर जुळेना म्हणून एकट्या जुन्यालाच सुतारापुढे नेऊ नका. तोतारामच्या दारात मला मास्तरांना एवढेच सांगायचे होते, की भिऊ नका, आपण सुरात आहोत. पण मला बोलायला त्यांचीच फुंक लागते, आणि त्या दिवशी त्यांनी ती आत घातलीच नाही.