कपाटातला पूर

१९८७ साली आमच्या प्रयोगशाळेत नदीच्या पुराचं गणित पहिल्यांदा कॉम्प्युटरवर मांडलं, आणि माझ्या डोक्याला कायमचा ताप झाला.

नोंदी दोनच पुरांच्या होत्या. एकावर गणित जुळवायचं, दुसरा झाकून ठेवायचा आणि शेवटी त्यावर पारख करायची, असं ठरलं. झाकलेल्या पुराची वही माझ्या कपाटात होती. प्रोग्रॅम लिहिणारा चष्मिष रोज किल्ली मागायचा.

"बाई, नुसती नजर टाकतो."

"पेपर आधी बघून पास होणारे मी पुष्कळ पाहिलेत."

माझा हट्ट उगाच नव्हता. पुलापलीकडे सखल भागात माझी ताई राहायची. आमच्या गणितावरून नकाशावर पूररेषा आखली जाणार होती; तिच्या आत येतील ती घरं सरकार हलवणार होतं.

अखेर वही उघडली. कॉम्प्युटरचं पाणी खऱ्यापेक्षा चार फूट खाली. पहिला पूर आला तेव्हा पात्र नुकतंच साफ केलेलं होतं, दुसऱ्याच्या वेळी झुडपं माजून पाणी अडलं होतं. चष्मिषच्या गणितात नदी कायम फरशीसारखी गुळगुळीत.

साहेब म्हणाले, "मग दोन्ही पुरांना वेगवेगळा खडबडीतपणा धरा. जुळेल."

"आणि पुढच्या पुराला कुठला धरायचा?"

"तो आल्यावर बघू."

नकाशाला दोन्ही खडबडीतपणांचा सरासरी आकडा लावला. रेषा ताईच्या अंगणाबाहेरून गेली, म्हणजे कागदावर घर सुरक्षित. मी लेखी हरकत घेतली, ती फाइलला लागली. मग ताईकडे जाऊन घसा कोरडा केला.

"घर सोड, ताई."

"नकाशा तुमच्याच ऑफिसचा ना? मग तुझं ऐकू की ऑफिसचं?"

भावजी पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "ऑफिसचं. तिकडे शिक्का असतो."

दोन वर्षांनी पाणी त्यांच्या खिडकीच्या वर चढलं. दोघांनी दीड दिवस गच्चीवर काढला. जीव वाचले, घर गेलं.

साहेब मानाने निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात नकाशाचं कौतुक झालं, पुराचं नाव कुणी काढलं नाही. चष्मिष प्राध्यापक झाला. एक पूर नेहमी झाकून ठेवावा, असं तो मुलांना शिकवतो आणि हा नियम स्वतःचा म्हणून सांगतो. भावजी म्हातारपणाने गेले. ताई माझ्याकडेच असते. अजूनही भांडण झालं की म्हणते, "नकाशा तुमचाच होता."

ते मात्र खरं आहे. खाली माझीही सही होती.