मंजुळाबाईचं शिंगरू

मंजुळाबाई गेल्यानंतर संतरामच्या घरात एकच जीव तिला शोधत होता, आणि तो चावरा होता.

ते दोन वर्षांचं कुमैत, म्हणजे तांबड्या अंगाचं आणि काळ्या आयाळीचं शिंगरू होतं. त्याची आई व्याली आणि दुसऱ्याच दिवशी मेली. मंजुळाबाईने त्याला शेळीच्या दुधावर जगवलं. फडक्याचा बोळा दुधात बुडवायचा आणि त्याच्या तोंडात द्यायचा. पुढे ते कडबा खायला लागलं तरी ती सवय गेली नाही. ढग गडगडला, कुत्रं भुंकलं, दारावरून मोटार गेली की ते थेट मंजुळाबाईकडे यायचं आणि तिच्या लुगड्याचा पदर तोंडात धरून उभं राहायचं. तीही त्याला हाकलत नसे. दळण निवडता निवडता एक हात त्याच्या मानेवर ठेवायची. सगळ्या पदरांना भोकं पडली होती. पोरबाळ नसलेल्या घरात संतरामला त्याचं काही वाटत नसे. उलट बरं वाटे.

मग श्रावणात तिला ताप भरला. कयाधू नदीला पूर होता. संतराम म्हणाला, पाणी ओसरू दे, मग बैलगाडीने कळमनुरीच्या दवाखान्यात नेतो. पाणी ओसरेपर्यंत ती थांबली नाही.

तेव्हापासून शिंगराला पदर सापडेना. ते दावं चघळायचं, गव्हाणीचं लाकूड कुरतडायचं, दात घासायचं. खरारा करायला गेलं की बाही पकडायचं. येणाऱ्याजाणाऱ्याच्या खांद्यावरचा पंचा ओढायचं. एकदा शेजारच्या म्हातारीचं मनगट धरलं. ती गावभर सांगत सुटली की मेलेल्या बाईचा जीव घोड्यात अडकलाय. बायका संतरामच्या दारावरून जायच्या बंद झाल्या.

संतराम त्याच्या तोंडावर चापट मारायचा. शिंगरू मान मागे घ्यायचं आणि पुन्हा तोंड पुढे करायचं. तो मारी, ते चुकवी, परत धरी. शिंगराला तो खेळच वाटायला लागला. मग त्याची संतरामला चीड येई. जी जायची ती गेली आणि हे माझं हाड चावायला उरलं, असं तो त्याच्या तोंडावर बोलून दाखवी. संध्याकाळी मात्र तोच तळहातावर गूळ घेऊन त्याच्यापुढे उभा राही, कारण त्याच्या तळहाताला तोंड लावणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

शिंगरू पुरतं संतरामचं नव्हतं. त्याची आई आखाडा बाळापूरच्या सटवाजीची. सटवाजी हा मंजुळाबाईचा थोरला भाऊ. त्याने घोडी बहिणीच्या घरी अर्धलीने दिली होती. त्यांच्याकडची रीत अशी की जनावर एकाचं, पोसणं दुसऱ्याचं, आणि होणारं शिंगरू दोघांचं. ते कोणाच्या दावणीला राहावं हे ते मोठं झाल्यावर दोघांनी मिळून ठरवायचं. दोघांचं जमलं नाही तर पंचांनी.

दसऱ्याला सटवाजी आला तो बहिणीच्या घरात बसलासुद्धा नाही. पाणी दिलं ते घेतलं नाही. पूर्वी तो संतरामला दाजी म्हणे. त्या दिवशी नाव घेऊन बोलला. गोठ्यात गेला तर शिंगराने त्याच्या फेट्याचा शेमला धरला. सोडवताना फेटाच सुटला. चार माणसं बघत होती, कोणीतरी हसलं.

"असं ठेवलंस व्हय जनावर," सटवाजी म्हणाला. "बहीण बी अशीच ठेवली."

संतराम म्हणाला, "पुरात गाडी घालायची होती का?"

"माणसं खांद्यावर न्हेत्यात. तुला काहून सुचलं न्हाई?"

 श्रावणापासून संतराम स्वतःला हेच विचारत होता.

सटवाजीने तिथेच पंच बसवले. त्याचं म्हणणं सरळ होतं. शिंगरू आपल्या दावणीला न्यायचं, काटेरी लगाम घालायचा, महिन्याभरात तोंड बंद होईल. संतराम नको म्हणाला. काटेरी लगामाने जिभा फाटलेले घोडे त्याने पाहिले होते. पंचांनी मधला रस्ता काढला. मार्गशीर्षात माळेगावची जत्रा. तिथे जातवान शिंगरं रांगेत उभी करतात, जुने घोडेवाले त्यांची चाल बघतात, दात बघतात. त्या रांगेत हे शिंगरू कोणाला तोंड न लावता उभं राहिलं तर संतरामकडे राहील. तोंड लावलं तर सटवाजीने तिथूनच दावं हातात घ्यायचं. सटवाजी लगेच कबूल झाला. जाता जाता म्हणाला, लगाम घडवून ठेवतो.

संतरामला घाई झाली आणि घाईत त्याने चूक केली. मिरची आणि कडुलिंब वाटून त्याने दाव्याला, तोंडावरच्या मोरखीला, गव्हाणीच्या काठाला चोपडलं. कुठेही तोंड लावलं की झोंबेल आणि सवय सुटेल, असा त्याचा हिशेब. शिंगराने दावं धरलं, फुरफुरलं, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि जळतं तोंड थंड करायला आणखी जोराने लाकूड घासायला लागलं. आठवड्यात हिरड्या सोलून निघाल्या. कडबा पुढे टाकला तर ते नुसतं हुंगायचं.

त्या दिवशी संतरामने स्वतःला शिव्या दिल्या. दावं आणि गव्हाण धुतली, मोरखी बदलली. मग तुपाची वाटी घेऊन शिंगराजवळ गेला. ओठ वर करून अंगठ्याने हिरड्यांना तूप चोळलं. शिंगरू चावायला झालं. त्याने हात काढला नाही, चापटही मारली नाही. चोळतच राहिला.

रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी तो तूप लावू लागला. शिंगराने तोंड पुढे करायच्या आधी हाच त्याचं तोंड धरायचा. ओठ, हिरड्या, टाळू, सगळं नीट चोळून काढायचा. पहिल्यांदा शिंगराला मजा वाटली. मग कंटाळा आला. हिरड्या भरून आल्या तरी संतराम थांबला नाही, कारण त्याच्या लक्षात एक गोष्ट आली होती. तो जवळ आला की शिंगरू आता तोंड पुढे करत नव्हतं, वळवून घेत होतं.

मग त्याने बाकीचंही बदललं. तळहातावरचा गूळ बंद केला, काय द्यायचं ते गव्हाणीत. समोर उभं राहायचं नाही, खांद्याशी उभं राहायचं. कडब्याची पेंढी कायम पुढे, म्हणजे तोंड रिकामं राहत नाही. बाही धरायला आलं की मारायचं नाही, चार पावलं मागे चालवायचं आणि परत जागेवर उभं करायचं. पुन्हा आलं, पुन्हा मागे. वारंगा फाट्याला मोटारी थांबत, तिथे तो त्याला बाजारच्या दिवशी नेऊन उभं करी. सुरुवातीला मोटारीचा भोंगा वाजला की शिंगरू पदर शोधल्यासारखं इकडेतिकडे बघे आणि संतरामच्या काखेत तोंड खुपसायला येई. तो त्याला मागे सारी. त्या वेळी त्याचा हात जड होई, पण तो सारी. हळूहळू ते भोंग्याला नुसते कान हलवू लागलं.

माळेगावला पोहोचले तेव्हा सटवाजी आधीच आला होता. बरोबर बायको द्वारकाबाई होती. त्याच्या खांद्यावर नवा लगाम होता आणि तो सगळ्यांना दिसेल असा घेतला होता.

रांगेत शिंगरं नाचत होती, खिंकाळत होती. एक पांढरं शिंगरू आपल्याच पायाला चावत होतं. संतरामचं कुमैत मान सरळ ठेवून उभं होतं. फौजेतून उतरलेला एक म्हातारा रिसालदार काठी टेकत आला. त्याने खूर उचलून पाहिले, पोटाखालून हात फिरवला, ओठ वर करून दात पाहिले. शिंगराने त्याला ते करू दिलं. बराबर तालीम हुई है, असं तो म्हणाला आणि तिथेच उभा राहून पंचांशी बोलू लागला.

सटवाजी द्वारकाबाईच्या कानाशी काही बोलला. ती नको नको म्हणत होती. त्याने तिला कोपराने ढकललं. ती पुढे आली, आणि मंजुळाबाई उभी राहायची तशी बाजूला उभी राहून तिने पदराचं टोक शिंगराच्या ओठांशी नेलं.

"हे खोटं हाय," संतराम म्हणाला.

"कोणालाच तोंड लावायचं न्हाई असं ठरलं," सटवाजी म्हणाला. "बाई कोणात येत न्हाई व्हय?"

संतरामला मधे जाता आलं असतं. तो गेला नाही. दावं ढिलं सोडून तो बघत राहिला. शिंगराने पदर हुंगला. नाकपुड्या रुंद झाल्या.  आपल्याला काय हवंय हेच संतरामला कळेना. दोन महिने ज्यासाठी राबलो तेच आता होऊ नये, असं त्याला एक क्षण वाटलं.

शिंगराने मान दुसरीकडे वळवली.

द्वारकाबाईने पदर आणखी जवळ नेला. ओठांवर घासला. ते मागे सरकलं, चार पावलं, आणि परत जागेवर येऊन उभं राहिलं. बघणारे वाहवा म्हणाले. रिसालदाराने काठी जमिनीवर आपटली. पंचांमधला एकजण म्हणाला, झालं, शिंगरू संतरामच्या दावणीचं.

द्वारकाबाईने पदर खांद्यावर घेतला आणि डोळे पुसले. ती संतरामकडे न बघता म्हणाली, "दाजी, त्याला आठवण बी ठेवली न्हाई तुमी."

सटवाजीने खांद्यावरचा लगाम काढून गाडीत टाकला. जवळ आला, शिंगराच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हरल्याचा राग नव्हता, दुसरा होता.

"माझा अर्धा वाटा बी तूच ठेव," तो म्हणाला.

"का? वाटा तुमचा हाय."

"मला नको. बहिणीचं काय ऱ्हायलं असंल तर ते ह्याच्या तोंडात होतं. तू ते बी धुऊन काढलंस." आणि मग हळू, फक्त त्याला ऐकू जाईल असं, "पुरातली बी गोष्ट अशीच इसरशील तू."

संतराम त्याला सांगू शकला असता की तुमचा लगाम चुकावा म्हणून हे केलं. जीभ फाटू नये म्हणून केलं.  ते खरं होतं, पण सटवाजीही खोटं बोलत नव्हता.

सटवाजीने गाडी जुंपली. द्वारकाबाई मागे बसली. गाडी नजरेआड होईपर्यंत दोघांपैकी कोणी वळून पाहिलं नाही. जत्रेतली माणसं शिंगराभोवती जमली. कोणी त्याच्या पाठीवर थाप मारली, कोणी विचारलं, विकायचं का. संतरामने नको म्हणून मान हलवली.

गर्दी पांगली तेव्हा त्याने दावं हातात घेतलं आणि नांदेडवरून घरची वाट धरली. शिंगरू मागून येत होतं, तोंड मिटून, कशालाही न धरता.