भावाच्या नावावरची दारू

त्या घरात नवऱ्याने घेतली तर तिला थकवा घालवणं म्हणत. सुनेने घेतली तर काय म्हणायचं, हे अजून ठरलं नव्हतं. त्यामुळे "सूनबाईचं डोकं दुखतंय" असं शेजारणींना सांगून सासूबाई तिच्या खोलीचं दार ओढून घेत. डोकं आठवड्यातून पाच दिवस दुखे. शेजारणीही समंजस, त्या औषधाचं नाव विचारत नसत.

सून कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. मेणात एकेक दात बसवण्यात अकरा वर्षं तिचा हात कोणी धरला नव्हता. पण एका मंगळवारी सकाळी समोरचे दोन दात तिरके बसले आणि तिसरा निसटून ओल्या प्लास्टरमध्ये पडला. शेजारच्या टेबलावरची कारागीर बाई हळूच म्हणाली, "तुझा हात सकाळी कापतो आणि जेवणाच्या सुट्टीनंतर थांबतो. डब्याबरोबर काय आणतेस ते मी विचारत नाही. सात वर्षांपूर्वी मीही आणत होते." तिने कागदावर पत्ता लिहून दिला. वाचनालयाच्या मागच्या खोल्या, गुरुवारी संध्याकाळी पाच.

घरी पंचायत बसली. नवरा ग्लास हातात घेऊनच बसला होता. "जायचं तर जा, पण माझं नाव मध्ये येता कामा नये," एवढाच त्याचा सल्ला. सासूबाईंनी मात्र चौकशी करून ठेवली होती. तिथे दोन सभा भरतात, डाव्या खोलीत दारू सोडू पाहणाऱ्यांची आणि उजवीकडे त्यांच्या घरच्यांची.

"तू उजवीकडे बस," त्या म्हणाल्या. "भाऊ पितो म्हणून सांग. कानावर पडायचं ते तिथेही पडेल."

"आई, त्याने आयुष्यात थेंब घेतला नाही."

"मग काय बिघडलं? पुरुषमाणूस आहे, त्याला कोण नावं ठेवतंय?"

याला म्हणतात साप भी मरे और लाठी भी न टूटे. फक्त काठी दुसऱ्याच्या पाठीत बसणार होती, आणि तो दुसरा सुनेच्या माहेरचा होता, म्हणजे हिशेबातच नव्हता. सुनेनेही मान डोलावली. तिची कीव करावी असं वाटतं, पण सख्ख्या भावाला विकून अब्रू विकत घेणाऱ्या बाईची कीव तरी किती करायची?

सहा गुरुवार ती उजव्या खोलीत बसली. खोटं पचावं म्हणून तिने त्यात थोडं खरं कालवलं. भाऊ धाकटा आहे, शाळेची बस चालवतो, आईबापाविना तिनेच त्याला वाढवलं. बायका डोळे पुसत आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत. ती सहानुभूती पोटात घेऊन ती घरी येई आणि त्यावर दोन पेले जास्तच घेई.

सातव्या आठवड्यात, मंगळवारी संध्याकाळी ती कामावरून परतली तोच भाऊ दारात उभा राहिला. अंगावर गणवेश तसाच होता.

"ताई, बसची चावी काढून घेतली. मी पितो असं एका मुलीच्या आईने कळवलंय म्हणे. नळीत फुंकायला लावलं, काही निघालं नाही. तरी म्हणाले, चौकशी होईपर्यंत घरी बसा." तो खुर्चीत टेकला. "मुलं खिडकीतून बघत होती ग. कोणी केलं असेल हे?"

"लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?" सासूबाईंनी चहा पुढे केला आणि सुनेकडे डोळे वटारले.

सुनेला ती आई आठवली. उजव्या खोलीत तिच्या शेजारीच बसायची आणि भाऊ कुठल्या शाळेची बस चालवतो ते तिनेच एकदा विचारून घेतलं होतं. खोलीतलं बाहेर न सांगण्याचा नियम तिने मोडला खरा, पण पोटची पोर रोज ज्या बसमध्ये बसते तिचा ड्रायव्हर पितो असं कळल्यावर कुठली आई गप्प बसेल?

"मी केलं," सून म्हणाली. "पिते ती मी. वाचनालयामागे गुरुवारची सभा भरते, तिथे तुझं नाव सांगत होते."

भावाने चहाचा कप तसाच ठेवला आणि निघून गेला. सासूबाई कडाडल्या, "आता मान वर करून चालायची सोय ठेवली नाहीस."

"मुलाच्या ग्लासात तुम्ही बर्फ घालता तेव्हा मान कुठे असते, आई?"

या घरात सुनेने विचारलेला हा पहिला प्रश्न. सासूबाई भावाचा कप उचलून आत गेल्या.

गुरुवारी ती उजव्या खोलीत गेली, पण बसली नाही. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. कोणी तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही. त्या मुलीच्या आईने तिच्यासमोरच शाळेला फोन लावला आणि "माझी चूक झाली" असं सांगितलं. मग सून बाहेर आली आणि डाव्या खोलीत शिरली. तिथे कारागीर बाईने तिच्यासाठी जागा धरली होती. पहिल्यांदाच ती स्वतःच्या नावाने बोलली.

ती आत असताना भाऊ आला. दोन दिवस त्याने बहिणीचा फोन उचलला नव्हता. तो दारात घुटमळला, दोन्ही पाट्या वाचल्या आणि उजव्या खोलीच्या टोकाला जाऊन बसला.

"तुमचं कोण पितं?" एका म्हाताऱ्या बाईने विचारलं.

"बहीण," तो म्हणाला. "मला तिचा राग आलाय. तिच्याशी कसं बोलायचं, ते विचारायला आलोय."